लाइट गेली आणि गाडी आत राहिली

अमेरिकेत घराला पुढचं दार असतं ते सत्यनारायणाला येणाऱ्या मंडळींसाठी, पार्सलवाल्यासाठी आणि हॅलोविनला चॉकलेटं मागत फिरणाऱ्या पोरांसाठी. घरचं माणूस त्या दारानं क्वचितच येतं. कोपऱ्यावर वळतानाच ते गाडीतलं बटण दाबतं, गॅरेजचं दार घरघरत वर जातं, गाडी आत, दार खाली, आणि मधल्या छोट्या दारानं माणूस थेट स्वयंपाकघरात. पुढच्या दाराची किल्ली कुठंय, असं कॅलिफोर्नियातल्या कुठल्याही मराठी घरात विचारून बघा. नवरा बायकोकडे बघेल आणि बायको ड्रॉवरकडे.

तेव्हा घराचं खरं महाद्वार गॅरेजचं. पण ते विजेवर चालतं आणि लाइट गेली की जागच्या जागी हटून बसतं. म्हणून ते उघडणाऱ्या हल्लीच्या ओपनरमध्ये एक छोटी बॅटरी असते. लाइट नसली तरी दार वर जातं. आमच्या फ्रीमाँटच्या घरातला ओपनर मात्र जुना, घराबरोबर आलेला, साखळीवाला. सकाळी मी ऑफिसला निघालो की सगळ्या गल्लीला कळतं. पण चालतो. आणि चालती वस्तू बदलायची नाही, हा मध्यमवर्गाचा धर्म मी सातासमुद्रापलीकडेही नेमानं पाळत आलो आहे. बायकोचं म्हणणं, नवा बॅटरीवाला बसवून घेऊ. माझं म्हणणं, कशाला? दोघांचं एकमत होण्याची काही चिन्हं दिसेनात, तेव्हा प्रकरण सहा महिन्यांसाठी आलेल्या बाबांपुढे गेलं.

बाबा वीज बोर्डातून निवृत्त झालेले. त्यामुळे लाइट जाणे या विषयावर घरात त्यांच्याइतका अधिकार कुणाचा नाही. शिवाय त्यांना तो विषय मनापासून आवडतो. २००५ च्या आसपासचं महाराष्ट्रातलं लोडशेडिंग ज्यांनी काढलं आहे त्यांना वेगळं सांगायला नको. कुठल्या भागात किती ते किती लाइट नाही, याचं वेळापत्रक पेपरात यायचं आणि बायका त्यावर नजर ठेवून मिक्सर लावायच्या. इन्व्हर्टर ही तेव्हा चैन नव्हती. त्याच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालणं हे घरातल्या कर्त्या पुरुषाचं एक प्रतिष्ठेचं काम होतं. पण लाइट गेली म्हणून कुणी घरात अडकून पडलं, असं झालं नाही. दाराला कडी होती, ती हातानं निघत होती.

“इथं कशाला जाते लाइट?” बाबांनी विचारलं. “वीज कमी पडते का?”

“नाही. वारा सुटला की मुद्दाम घालवतात.”

बाबांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या काळात वीज नव्हती म्हणून ती बंद करावी लागे. वीज मुबलक असताना, निव्वळ वारा येणार म्हणून ती बंद करायची, हे त्यांना पटवून द्यायला पाऊण तास लागला. इथल्या उन्हाळ्यात पाऊस पडत नाही. ऑक्टोबरपर्यंत डोंगरावरचं गवत वाळून पिवळंजर्द होतं आणि नेमके तेव्हाच जमिनीकडून समुद्राकडे कोरडे, सोसाट्याचे वारे सुटतात. अशा वाऱ्यात एखादी तार तुटली की वणवा. म्हणून वीज कंपनी आदल्या दिवशी फोनवर निरोप धाडते आणि दुसऱ्या दिवशी लाइन बंद करते. ऑक्टोबर २०१९ मध्ये उत्तर कॅलिफोर्नियातल्या लाखो घरांची वीज अशी ठरवून बंद केली होती. ओकलंडच्या टेकडीवर राहणारा आमचा एक मित्र त्या वेळची गोष्ट सांगतो. आदल्या संध्याकाळी त्याच्या गल्लीतल्या समस्त मंडळींनी आपापल्या गाड्या गॅरेजमधून काढून रस्त्याच्या कडेला लावल्या. गाड्यांना घराबाहेर झोपवणं हाच त्यांचा बॅटरी बॅकअप.

ही गोष्ट मी माझ्या बाजूचा पुरावा म्हणून सांगितली. आगाऊ सूचना मिळते, गाडी बाहेर काढून ठेवायची, संपलं! बायको म्हणाली, “आपली गाडी आत असते कधी?”

हा घाव वर्मी होता. आमच्या गॅरेजमध्ये काय नाही? प्रत्येकी तेवीस किलोंचा हिशेब ठेवून भरलेल्या आणि आता रिकाम्या असलेल्या बॅगा आहेत. दिवाळीच्या आधी सवलतीत मिळाली म्हणून घेतलेली कणकेची पोती आहेत. जादाचा फ्रिज आहे, त्यात कोकम आणि हापूसचा डबाबंद रस. मंडळाच्या गणपतीचं मखर ‘पुढच्या वर्षीपर्यंत ठेवा’ म्हणून कुणी तरी आणून ठेवलंय, ते कितव्या पुढच्या वर्षाची वाट बघतंय देव जाणे. ट्रेडमिल आहे, तिच्यावर वाळत घातलेले टॉवेल आहेत. दोन गाड्यांसाठी बांधलेल्या त्या जागेत कशीबशी एक गाडी शिरते, तीही आरसे मिटून. पालो आल्टोला एका गॅरेजमध्ये १९३८ साली हुलेट आणि पॅकार्ड या दोघांनी कामाला सुरुवात केली. सिलिकॉन व्हॅलीचं जन्मस्थान म्हणून ते लाकडी गॅरेज आज जपून ठेवलंय. त्या दोघांच्या घरी मखर ठेवायला कुणी आलं नसावं.

बाबांनी वादात न पडता टॉर्च मागवला आणि ते प्रत्यक्ष पाहणीला निघाले. वायरमननं खांबाकडे बघावं तसं त्यांनी दाराकडे बघितलं. सोळा फूट रुंद, सात फूट उंच, पोलादी पत्र्याचं, चार आडव्या फळ्यांचं. अशा दाराचं वजन सत्तर ते शंभर किलो सहज भरतं, लाकडी असलं तर जास्तच. मला वाटत होतं हे वजन ती छताला टांगलेली मोटार उचलते. बाबांनी टॉर्चचा झोत दाराच्या वरच्या दांड्यावर टाकला. तिथं एक जाडजूड, पीळ भरलेली स्प्रिंग होती. खरं वजन ती पेलते. मोटार नुसती ढकलते आणि ओढते. लग्नात राबतो मामा आणि फोटोत मिरवतो काका, त्यातली गत. ही स्प्रिंग साधारण दहा हजार वेळा उघडझाप झाली की दमते. दिवसाकाठी चार वेळा दार वापरणाऱ्या घरात तिचं आयुष्य सात वर्षं धरावं. आणि ती तुटली तर बॅटरी असो की वीज असो, मोटारीला दार उचलत नाही. तेव्हा बॅटरी म्हणजे सर्व दुखण्यांवरचं औषध, असं समजणाऱ्यानं आधी वर बघावं.

स्प्रिंगला मात्र कुणी हात लावायचा नाही, असं बाबांनी बजावलं. पिळाची ताकद माणूस जायबंदी करण्याइतकी असते, ते काम कारागिराचं.

मग त्यांचं लक्ष लाल मुठीच्या दोरीकडे गेलं. प्रत्येक ओपनरला ही दोरी लोंबत असते आणि प्रत्येक घरात ती कशासाठी आहे हे एखाद्यालाच माहीत असतं. आमच्याकडे मुलानं तिला लहानपणी बाहुला टांगला होता. ती ओढली की दार आणि मोटार यांची फारकत होते, आणि दार हातानं वर सरकवता येतं. बाबा खूश झाले. “मग वाद कसला? ही आहे की तुमची कडी!”

माझी बाजू जिंकली, असं मला वाटलं. दार खाली बंद आहे याची बाबांनी खात्री केली, कारण दार वर असताना दोरी ओढली आणि स्प्रिंग दगा देणारी निघाली तर ते धाडकन खाली येतं. मग दोरी ओढली. खटका सुटल्याचा आवाज आला. बाबांनी खाली वाकून मुठीला हात घातला आणि दार उचललं. गुडघ्यापर्यंत आलं, कमरेपर्यंत आलं, छातीपर्यंत आलं. तिथं थांबलं. दारात काही बिघाड नव्हता. अर्ध्यात सोडलं तरी ते जागच्या जागी तरंगत राहिलं, म्हणजे स्प्रिंग उत्तम. थांबला होता बाबांचा उजवा खांदा. तो डोक्याच्या वर जात नाही, गेली काही वर्षं. जन्मभर खांबांवर चढलेला माणूस छातीपाशी अडकलेलं दार दोन्ही हातांनी धरून उभा होता आणि मी पुढे होऊन ते वर ढकललं.

बाबा काही बोलले नाहीत. आत येऊन पाणी प्यायले.

आई इतका वेळ सोफ्यावर शेंगा सोलत होती. म्हणाली, “अरे, लाइट गेली तर मी कशाला मरायला गॅरेजात जाऊ? पुढच्या दारानं जाईन की बाहेर. आहे ना आपल्याला पुढचं दार?”

सगळे गप्प. पुढचं दार आहे, ही गोष्ट कुणाच्या ध्यानातच नव्हती. आईचा मुद्दा बिनतोड होता. माणसाला घराबाहेर पडायला गॅरेजचं दार लागत नाही. ते लागतं गाडीला. आमच्याकडे गाडी चालवणारे दोघंही धडधाकट आहेत, दोरी ओढू, दार उचलू. मग बॅटरी हवी कशाला?

हवी कशाला याचं उत्तर आमच्या घरात नव्हतं, आमच्यापासून दीड-दोन तासांवर उत्तरेला होतं. ८ ऑक्टोबर २०१७ च्या रात्री नापा आणि सोनोमा भागात असाच वारा सुटला आणि वणवे पेटले. कॅलिस्टोगाजवळ लागलेली आग काही तासांत डोंगर ओलांडून सँटा रोझा शहरात शिरली. लोक झोपेत होते. धुरानं जाग आली तेव्हा निघायला मिनिटं उरलेली आणि लाइट गेलेली. त्या काळोखात काहीजणांची गाडी गॅरेजमध्ये होती, अंगात दार उचलण्याची ताकद नव्हती, किंवा ती लाल दोरी कशासाठी असते हे माहीत नव्हतं. त्या आगींमधल्या किमान पाच मृत्यूंचा संबंध न उघडलेल्या गॅरेजच्या दाराशी लावला गेला. तिथल्या रस्त्यांवर चालत निघून आगीच्या पुढे राहणं अशक्य. त्या रात्री गाडी म्हणजे जीव होता.

नापाचेच सिनेटर बिल डॉड यांनी त्यानंतर विधेयक मांडलं. गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी सप्टेंबर २०१८ मध्ये त्यावर सही केली आणि १ जुलै २०१९ पासून कॅलिफोर्नियात घरासाठी बॅटरी बॅकअप नसलेला ओपनर विकायलाही बंदी आणि बसवायलाही. जुना चालू असेल तर राहू द्या. पण दार बदललंत तर नवं दार जुन्या बिनबॅटरीच्या ओपनरला जोडता येत नाही. गंमत अशी की या ओपनरवर याआधीही एक मोठा कायदा झालेला आहे. खाली येणाऱ्या दारात लहान मुलं सापडू लागली, तेव्हा १९९३ पासून अमेरिकेत तयार होणाऱ्या प्रत्येक ओपनरला अडथळा ओळखणाऱ्या जादाच्या सोयीची सक्ती झाली. दाराच्या दोन्ही बाजूंना जमिनीपासून वीतभराच्या आत जे दोन डोळे असतात, ज्यांच्यावर कोळ्यानं जाळं विणलं की दार खाली यायला नकार देतं, ते त्याच कायद्याचे. दार खाली येताना मुलं वाचावीत म्हणून पहिला कायदा. दार वर जाताना म्हातारी माणसं वाचावीत म्हणून दुसरा.

एवढं कळल्यावर मी बॅटरी बघायला गेलो ती समोरच्या आजींकडे. आजी एकट्या राहतात. खुब्याचं ऑपरेशन झालेलं आहे. वॉकर गाडीच्या मागच्या सीटवर टाकून स्वतः गाडी चालवत वाचनालयात जातात. त्यांच्या ओपनरनं रात्रीपासून टूंक-टूंक लावलं होतं, थोड्याथोड्या वेळानं, न चुकता. धूर सांगणारं यंत्र, फ्रिज, कुठलं तरी विसरलेलं घड्याळ, अशा एकेका संशयिताची झडती घेऊन आजी शेवटी गॅरेजपर्यंत पोचल्या होत्या. बॅटरी संपत आली की ओपनर असा ओरडतो. शिडीवर चढून झाकण काढलं. आत दोन वायरी, एक लाल, एक काळी, आणि हातात मावेल अशी बॅटरी, बारा व्होल्टची, पाच अँपिअर-अवरच्या आसपासची. स्कूटरच्या बॅटरीचंच भावंड. लाइट गेली तर दिवसभरात वीसेक वेळा तरी दार वर-खाली करायला पुरते. दोन-तीन वर्षांत बदलावी लागते, आणि गॅरेज तापणारं असेल तर त्याआधीच.

आजींच्या गॅरेजमध्ये विजेवर चालणारी नवी गाडी उभी होती. तिच्या पोटात या बॅटरीच्या हजारपट वीज साठवलेली असते, अख्खं घर दोन दिवस चालेल एवढी. पण दार उघडायला ती बिनकामाची. एवढं मोठं कोठार आत अडकून पडलंय आणि त्याची सुटका या एवढ्याशा डबीच्या हाती, हे बघून मी शिडीवर हसलो. आजी हसल्या नाहीत. त्यांनी खालून मार्करचं पेन वर केलं. नव्या बॅटरीवर आजची तारीख लिही म्हणाल्या. जुन्या बॅटरीवरही अशीच तारीख होती.

मी त्यांना लाल दोरीबद्दल सांगितलं. “मला माहीत आहे ती,” आजी म्हणाल्या. “पण रात्री दोन वाजता ती ओढून पुढे दार उचलायला मी कुणाला हाक मारू? तुला?”

हाक मारा म्हणणं मला जड नव्हतं. पण रात्री दोन वाजता आग लागलेली असताना मी माझं दार उचलत असेन.

घरी येऊन ही हकिकत सांगितली, तेव्हा बाबांनी त्यांचा निकाल दिला. म्हणाले, “लाइन चांगली की वाईट हे सबस्टेशनात उभं राहून ठरत नसतं. लाइनच्या टोकाला जे शेवटचं घर असतं, तिथं व्होल्टेज किती पोचतं ते बघायचं. तिथला दिवा नीट लागला तर लाइन चांगली.” एवढं बोलून ते खांदा चोळत बसले. पुढचं मला कळलं. मी इतके दिवस बॅटरी हवी की नको हा हिशेब माझ्या खांद्यावर मांडत होतो. घरातल्या धडधाकट माणसाला विचारलं तर त्याला बॅटरी कधीच लागत नाही, रेलिंग लागत नाही, लिफ्ट लागत नाही, चष्माही लागत नाही. त्याला लागेपर्यंत.

कायदा शहाणा आहे तो इथं. त्यानं कुणाला विचारलंच नाही तुमच्या घरात कोण राहतं. कारण दार पंचवीस-तीस वर्षं तिथंच असतं आणि त्याच्या मागची माणसं बदलतात. घर विकलं जातं, आजी-आजोबा राहायला येतात, कुणाचा पाय मोडतो, कुणाचं सिझेरियन होतं. आणि यातलं काहीच झालं नाही, तरी दार उचलणारा माणूस म्हातारा होतोच.

म्हणून आमच्यापुरता निर्णय झाला. नवा ओपनर, बॅटरीसकट. बिनआवाजाचा आहे, त्यामुळे मी ऑफिसला कधी निघतो हे गल्लीला आता कळत नाही, आणि उशीर झाला तर बरंच आहे. मखर मात्र अजून आत आहे. ते ज्यांचं असेल त्यांनी घेऊन जावं.

ज्यांच्या घराला असं दार आहे, त्यांनी फार विचार करत बसू नये. रविवारी सकाळी दार बंद करा, लाल दोरी ओढा, आणि घरात गाडी चालवणारं जे सर्वांत थकलेलं माणूस असेल त्याला दार उचलायला सांगा. तुम्ही पुढे होऊ नका, नुसते जवळ उभे राहा. दार पूर्ण वर गेलं, तर जुना ओपनर खुशाल वापरा, आणि दोरी कशासाठी आहे ते पोरांनाही शिकवा. छातीपाशी थांबलं, तर बॅटरी लावून घ्या. तिच्यावर मार्करनं तारीख लिहा. आणि गॅरेजला दुसरं दारच नसेल, तर बाहेरून ती दोरी सोडवणारं कुलूप आधी बसवून घ्या. नाही तर बॅटरी आत आणि तुम्ही बाहेर.